आर्माडिलो आणि त्याचं दक्षिण अमेरिकी गणगोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाघ-बिबट्यांवर बोलताना कुणी सहसा अडखळत नाही. आर्माडिलो या कवचधारी प्राण्याचा फोटो दाखवला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो. म्हणून सुरुवात त्याच प्रश्नापासून.

हे आपलं खवले मांजरच ना?

नाही. दोघांचं नातं फार लांबचं आहे. खवले मांजराच्या अंगावरचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. आर्माडिलोचं कवच खऱ्या हाडाच्या तुकड्यांचं असतं आणि त्यावर केराटिनचा पातळ थर असतो. खवले मांजराला दात नसतात. आर्माडिलोला असतात, आणि सर्वांत मोठ्या जातीच्या तोंडात तर ८० ते १०० बारीक खुंट्या निघतात. कुळाच्या हिशोबाने खवले मांजर मांसाहारी प्राण्यांच्या जवळचं आहे, तर आर्माडिलोचे खरे भाऊबंद म्हणजे मुंगीखाऊ आणि झाडाला उलटा लटकणारा संथ स्लॉथ. हे तिघेही दक्षिण अमेरिका वेगळा खंड होता त्या काळात तिथेच घडले.

दोघे सारखे दिसतात ते खाण्यामुळे. वारूळ फोडून मुंग्या-वाळवी खायची तर मजबूत नखं, लांब जीभ आणि चावे सोसणारी कातडी लागते, मग घर कोकणात असो की ब्राझीलमध्ये. कोकणातल्या खवले मांजरासाठी चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था गावोगावी काम करते. त्यांच्या कामाची पद्धत ठाऊक असेल तर खाली ब्राझीलच्या मधपाळांबद्दल जे येतं ते ओळखीचं वाटेल.

आर्माडिलोच्या जाती किती?

वीसहून अधिक. २०२४ मध्ये जनुकीय अभ्यासातून असं पुढे आलं की ज्याला सगळे ‘नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो’ म्हणत होते त्यात चार वेगवेगळ्या जाती आहेत. त्यातली गयाना भागातली जात तर विज्ञानाला पूर्ण नवी होती.

सर्वांत मोठा तो महाआर्माडिलो. ब्राझीलमध्ये त्याला ताटू-कनास्त्रा म्हणतात. वजन ३० ते ५० किलो, शेपटीसकट लांबी दीड मीटरपर्यंत. सर्वांत छोटा गुलाबी परी आर्माडिलो: तळहातावर मावेल एवढा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, मध्य अर्जेंटिनाच्या वाळूत राहणारा. त्याच्याबद्दल इतकी कमी माहिती आहे की धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत त्याला ‘माहिती अपुरी’ या रकान्यात ठेवलं आहे. मेंदोसाच्या संशोधक मारिएला सुपेरिना यांनी या प्राण्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. पकडून ठेवला तर तो फार जगत नाही. दिसायला गोंडस म्हणून लोक उचलून घरी नेतात आणि तिथेच त्याचा शेवट होतो.

सगळे आर्माडिलो अंगाचा चेंडू करतात का?

फक्त दोन जाती, दोन्ही तीन पट्ट्यांच्या. बाकीचे पळतात, खोदतात, नाहीतर जमिनीला चिकटून बसतात.

यातली एक जात फक्त ब्राझीलची. ईशान्येकडच्या काटिंगा नावाच्या काटेरी, कोरड्या प्रदेशात आणि त्याला लागून असलेल्या सेराडो नावाच्या माळरानाच्या काही भागांत ती राहते. ती नामशेष झाली असावी असं एके काळी मानलं जात होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा सापडली. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर ‘फुलेको’ म्हणजे हाच प्राणी. त्याची निवड व्हावी म्हणून काटिंगा असोसिएशन या स्थानिक संस्थेने खटपट केली होती. स्पर्धेत होणाऱ्या दर गोलामागे काटिंगाचं एक हजार हेक्टर क्षेत्र संरक्षित करा, असं काही शास्त्रज्ञांनी सुचवलंही. तसं काही झालं नाही. खेळणी मात्र भरपूर खपली. माझ्या मते शुभंकर निवडणं ही संवर्धनातली सर्वांत स्वस्त कृती असते.

चेंडू होण्याची युक्ती जंगली शत्रूंपुढे चालते. माणसापुढे ती उलटते, कारण न पळणारा चेंडू पिशवीत टाकायला कष्टच पडत नाहीत.

महाआर्माडिलो कुणाला दिसतो तरी का?

जवळपास कुणालाच नाही. पिढ्यान् पिढ्या त्याच भागात गुरं राखणाऱ्या माणसांनीही आयुष्यात तो एकदाच पाहिलेला असतो, किंवा तेवढाही नाही. तो रात्री बाहेर पडतो, दिवसाच्या चोवीस तासांपैकी तीन चतुर्थांश वेळ जमिनीखाली काढतो आणि एकटा राहतो. पॅन्टानल या ब्राझीलमधल्या पाणथळ प्रदेशात एकेका प्राण्याचा वावर सरासरी २५ चौरस किलोमीटरवर असल्याचं आढळलं आहे. शंभर चौरस किलोमीटरमागे सात-आठ प्राणी, एवढीच घनता.

त्यामुळे २०१० पर्यंत या प्राण्याची बहुतेक माहिती शिकाऱ्यांच्या गोष्टी आणि संग्रहालयातल्या कवचांपुरतीच होती. त्या वर्षी संशोधक आर्नो देस्बिएझ यांनी ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात, पॅन्टानलमधल्या एका खाजगी पशुपालन रँचवर महाआर्माडिलो प्रकल्प सुरू केला. पशुवैद्य दानिलो क्लुबेर आणि जीवशास्त्रज्ञ गाब्रिएल मासोकातो त्यांच्याबरोबर राहिले. हे काम आज कांपो ग्रांदे शहरातल्या ‘इकास’ या संस्थेमार्फत चालतं.

कामाची रीत चिकाटीची आहे. ताजं बीळ शोधायचं, तोंडाशी स्वयंचलित कॅमेरा बांधायचा आणि वाट पाहायची. कोणता प्राणी कोणता हे कवचावरून ओळखतात: मधला भाग गडद, कडेला फिकट पट्टा, आणि त्या सीमेवरच्या खवल्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते वर्षभराहून जास्त काळ आईवर अवलंबून राहतं, हे या कॅमेऱ्यांमुळेच उघड झालं.

एका बिळाचं एवढं कौतुक कशासाठी?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

महाआर्माडिलोच्या पुढच्या पायाचं मधलं नख सुमारे २० सेंटीमीटर लांब असतं. त्या कोयत्यासारख्या नखाने तो पाच मीटरपर्यंत लांबीचं बीळ खोदतो. तोंड साधारण हातभर रुंद, आणि बाहेर उपसलेल्या वाळूचा मोठा ढीग. एका बिळात तो फार मुक्काम करत नाही. दोन-तीन रात्री झाल्या की पुढे जाऊन नवं खोदतो. जुनं रिकामं राहतं.

म्हणजे तसं रिकामं राहतच नाही. कॅमेऱ्यांत काय येतं ते पाहा. ऑसिलॉट नावाचं ठिपकेदार रानमांजर आत शिरून दुपार काढतं. छोटा मुंगीखाऊ झोपायला येतो. सहा पट्ट्यांचा आर्माडिलो आयत्या बिळात घर करतो. तेगू नावाचा मोठा सरडा तोंडाशी ऊन खातो. पेकरी, म्हणजे तिथली रानडुकरं, बाहेरच्या गार वाळूत लोळतात आणि मोठा मुंगीखाऊ त्याच ढिगावर अंग टाकतो. काही येतात ते मुक्कामाला नाही, तर उपसलेल्या मातीत किडे शोधायला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन डझन जातींच्या पृष्ठवंशी प्राण्यांनी ही बिळं वापरल्याची नोंद आहे आणि नंतरच्या कामात ही यादी वाढतच गेली.

कारण तापमान. पॅन्टानलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दक्षिणेकडून थंड वारं आलं की दहाच्या खाली घसरतो. बिळात मात्र साधारण २४-२५ अंश कायम. उन्हाळ्यात वातानुकूलित खोली, थंडीत उबदार, आणि वणवा आला तर आडोसा. म्हणून शास्त्रज्ञ महाआर्माडिलोला ‘परिसंस्थेचा अभियंता’ म्हणतात. ‘अभियंता’ शब्द थोडा भपकेबाज आहे. गवंडी म्हटलं तरी चालेल. तो नाहीसा झाला तर नवी बिळं पडणं थांबेल आणि जुनी हळूहळू ढासळतील. हे नुकसान कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण मुळात तो कुणाला दिसतच नव्हता.

शिकार बंद आहे, तरी संख्या का सावरत नाही?

ब्राझीलमध्ये वन्यप्राण्यांच्या शिकारीवर १९६७ पासून कायद्याने बंदी आहे. पण हिशोब जन्मदराचा आहे. महाआर्माडिलोची मादी वयात यायला सात ते नऊ वर्षं घेते. गर्भकाळ सुमारे पाच महिने, पिल्लू एकच, आणि पुढचं पिल्लू साधारण तीन वर्षांनी. उंदरासारखं भराभर वाढणं याच्या स्वभावात नाही. एखाद्या भागात वर्षाकाठी दोन-तीन प्रौढ प्राणी मेले तरी ती तूट भरून निघता निघत नाही. जागतिक लाल यादीत तो ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे.

किनाऱ्यालगतच्या अटलांटिक जंगलात तर तो जवळपास संपला. मिनास जेराइस राज्यातल्या रिओ दोसे उद्यानात उरलेली थोडकी संख्या हा तिथला मोठा आधार.

मधपाळांशी त्याचं काय वाकडं आहे?

मधपाळांचं त्याच्याशी होतं. आणि ते समजण्यासारखं होतं.

मातो ग्रोसो दो सुलच्या सेराडो पट्ट्यात माळरान गेलं, तिथे गुरांची कुरणं आणि निलगिरीची लागवड आली. मधाच्या पेट्या उरलेल्या झाडीच्या कडेला ठेवतात आणि महाआर्माडिलोही तिथेच उरला. खाणं कमी पडलं की त्याला मधमाश्यांच्या अळ्यांचा वास लागतो. मधात त्याला रस नसतो. रात्री तो येतो, मागच्या पायांवर उभा राहतो, शेपटीचा टेकू घेतो आणि पुढच्या नखांनी पेटी खाली ओढतो. सकाळी मधपाळाला दिसतात फुटलेल्या चौकटी, सांडलेला मध आणि सैरभैर माश्या. लागोपाठ काही रात्री असं झालं की छोट्या मधपाळाचं वर्षाचं उत्पन्न गेलंच. मग कुणी विष ठेवायचं, कुणी सापळा लावायचा.

देस्बिएझ यांच्या गटाने मधपाळांशीच बसून उपाय काढले. सर्वांत साधा उपाय सर्वांत चांगला निघाला: पेटी जमिनीपासून १.३ मीटर किंवा त्याहून उंच, भक्कम घडवंचीवर ठेवायची. मागच्या पायांवर उभा राहिलेला महाआर्माडिलो तिथवर पोचत नाही. जिथे हे जमत नाही तिथे विजेचं कुंपण. हे पाळणाऱ्याच्या मधाला प्रमाणपत्र मिळतं आणि बाटलीवर आर्माडिलोचं चिन्ह लावून तो मध विकता येतो.

मला हा सगळा प्रकार फार पटतो, कारण इथे कुणी कुणाला उपदेश केलेला नाही. मधपाळाचं नुकसान खरं मानलं आणि त्यावर सुताराचा इलाज काढला. वन्यप्राणी आणि शेतकरी यांच्या भांडणात आपल्याकडे आधी नुकसानभरपाईचे अर्ज निघतात. पेटी उंच करण्याइतकी सरळ युक्ती प्रत्येक ठिकाणी सापडेल असं नाही, पण शोधायला तरी हवी.

मोठ्या मुंगीखाऊला सर्वांत जास्त धोका कशाचा?

त्या भागात रस्त्याचा. कांपो ग्रांदेहून पॅन्टानलच्या पोटातून कोरुंबाकडे जाणारा बीआर-२६२ हा महामार्ग यासाठी बदनाम आहे. २०१७ मध्ये ‘मुंगीखाऊ आणि महामार्ग’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातले संशोधक रस्त्यावर मेलेले प्राणी मोजत हजारो किलोमीटर फिरले. मेलेले मोठे मुंगीखाऊ शेकड्यांनी निघाले.

हा प्राणी रस्त्यावर इतका का मरतो? त्याची नजर अधू आहे, चाल संथ आहे आणि रंग अंधारात मिसळणारा आहे. रात्री डोळे चमकत नाहीत, कारण डोकं खाली, जमिनीला लागलेलं असतं. ट्रकचालकाला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काही भागांत मुंगीखाऊ आडवा गेला की अपशकुन असाही समज आहे. मांजराच्या बाबतीत आपण फार शहाणे आहोत असं नाही. त्यात मादी मेली की पाठीवर बसलेलं पिल्लूही बहुधा जातं. एका वेळी एकच पिल्लू, आणि ते कित्येक महिने आईच्या पाठीवरच वाढतं.

उपाय ठाऊक आहेत: रस्त्याखालून बोगदे आणि दोन्ही बाजूंना प्राण्यांना त्या बोगद्याकडे वळवणारं कुंपण. नुसता बोगदा बांधून भागत नाही. कुंपण नसेल तर प्राणी त्याला वाटेल तिथूनच रस्ता ओलांडतो. ‘वन्यप्राण्यांपासून सावधान’ या पाट्या सर्वांत स्वस्त पडतात आणि त्यांचा उपयोगही तेवढाच होतो.

सगळे ॲमेझॉनबद्दल बोलतात. सेराडो म्हणजे काय?

ब्राझीलच्या मध्यभागातलं सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचं माळरान. विखुरलेली वाकडी झाडं, उंच गवत, आणि जमिनीखाली इतकी खोल मुळं की तिथले लोक त्याला उलटं जंगल म्हणतात. ब्राझीलच्या कित्येक मोठ्या नद्या इथे उगम पावतात. मोठा मुंगीखाऊ, मानेवाला लांडगा, महाआर्माडिलो, आखूड सोंडेचा टापीर हे सगळे इथले रहिवासी.

यातलं सुमारे निम्मं गेलं आहे. मुख्यतः सोयाबीन आणि गुरांच्या कुरणांसाठी. ॲमेझॉनच्या जंगलात जमीन असलेल्याने ८० टक्के भाग राखावा असं ब्राझीलचा वनकायदा सांगतो. सेराडोत बहुतेक ठिकाणी हे प्रमाण २० टक्के आहे. म्हणजे उरलेलं कायदेशीर रीतीनेच नांगरता येतं. जंगल तोडलं की जगभर बोंब होते, माळ नांगरला की त्याला विकास म्हणतात. सोलापूर-नगरकडच्या माळरानांची सरकारी नोंद ‘पडीक’ अशी होते आणि तिथल्या लांडग्याचं, माळढोकाचं काय झालं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

मानेवाला लांडगा खरंच लांडगा आहे का? आणि फळं खातो?

तो श्वानकुळातला, पण लांडगाही नाही आणि कोल्हाही नाही; आपल्या वंशात तो एकटाच आहे. तांबूस अंग, काळे लांबच लांब पाय, मानेवर काळी आयाळ. उंच गवतात पुढचं दिसावं म्हणून हे पाय. त्याच्या आहारात फळांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. ‘लोबेइरा’, म्हणजे लांडग्याचं फळ, हे वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं मोठं फळ त्याचं आवडतं. बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात. २०२० मध्ये ब्राझीलने काढलेल्या २०० रिआलच्या नोटेवर तोच आहे. मूत्राला गांजासारखा वास येतो हीदेखील ऐकीव गोष्ट नाही, खरी आहे.

टापीरचं काम काय?

बिया पेरणं. दक्षिण अमेरिकेतला हा सर्वांत मोठ्या जमिनीवरच्या प्राण्यांपैकी एक, दीडशे ते अडीचशे किलोचा. मोठी फळं गिळून तो बिया लांब नेऊन टाकतो. गर्भकाळ तेरा महिन्यांचा, पिल्लू एकच. संशोधक पात्रिसिया मेदिसी यांनी १९९६ मध्ये अटलांटिक जंगलात त्याचा अभ्यास सुरू केला आणि २००८ पासून पॅन्टानलमध्येही नेला. सेराडोतल्या शेतीच्या भागात त्यांच्या गटाला टापीरांच्या शरीरात कीटकनाशकांचे अंश सापडले. तो उसात आणि पिकांच्या कडेला चरतो, तिथल्या ओढ्यांचं पाणी पितो. तीच हवा आणि तेच पाणी तिथल्या शेतमजुरांच्याही वाट्याला येतं, असं मेदिसी आवर्जून सांगतात.

पॅन्टानल तर पाणथळ प्रदेश आहे. तिथे आग कशी लागते?

पावसाळ्यात पाण्याखाली, उन्हाळ्यात कोरडं गवत. पूर नीट आला नाही की गवत आणि खालची कुजकी माती दोन्ही पेटतात. २०२० मध्ये पॅन्टानलचा सुमारे चतुर्थांशाहून जास्त भाग जळाला. मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे प्रत्यक्ष मोजून केलेल्या अंदाजानुसार तेव्हा किमान १ कोटी ७० लाखांच्या आसपास पृष्ठवंशी प्राणी थेट आगीत गेले. त्यात साप आणि उंदीरवर्गीय लहान प्राणी सर्वाधिक, ज्यांचा फोटो कुठे छापून येत नाही. २०२४ मध्ये पुन्हा मोठी आग लागली. आईविना उरलेल्या मुंगीखाऊ पिल्लांसाठी फ्लाव्हिया मिरांदा यांच्या संस्थेने वेगळा प्रकल्पच काढला.

पॅन्टानलची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, हेही लक्षात ठेवावं. अभयारण्याच्या कुंपणात तिथले प्राणी मावत नाहीत. रँचमालकाशी बोलणं झाल्याशिवाय तिथे काहीच हलत नाही.

आर्माडिलोमुळे कुष्ठरोग होतो, हे खरं का?

काही प्रमाणात खरं, पण उलट्या बाजूने सुरू होतं. कुष्ठरोगाचा नेहमीचा जंतू युरोपीय लोकांबरोबर अमेरिकेत गेला आणि माणसाकडून आर्माडिलोला लागला. आर्माडिलोच्या शरीराचं तापमान ३२ ते ३५ अंश, आपल्यापेक्षा कमी. या जंतूला थंडच शरीर मानवतं. तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढत नाही, म्हणून १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत तो वाढवता आला तेव्हा संशोधनाला मोठी वाट मिळाली. १९९० च्या दशकात तमिळनाडूत कुष्ठरोगाच्या लसींची मोठी चाचणी झाली. त्यातल्या एका लसीतले मृत जंतू आर्माडिलोच्या ऊतींपासूनच मिळवलेले होते आणि त्याच चाचणीत मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत तयार झालेली लसही होती. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, तेव्हा या प्राण्याचे आपल्यावर थोडे उपकार आहेतच.

उलट दिशेचा संसर्गही होतो. ब्राझीलच्या पारा राज्यात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या आर्माडिलोंपैकी ६२ टक्क्यांत जंतूचे पुरावे मिळाले. तिथे त्याचं मांस खातात. मारणं, सोलणं, साफ करणं या कामांत धोका असतो. लांबून बघण्यात नाही.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. अंगणातलं गवत रोज उकरलेलं असतं. काय करावं?

तो नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो. एकोणिसाव्या शतकात तो मेक्सिकोकडून टेक्सासमध्ये आला आणि आता इलिनॉय, इंडियानापर्यंत पोचला आहे. गवताखालच्या अळ्या खायला तो येतो. हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका, उकरलेल्या मातीत काम करताना हातमोजे घाला. बस, एवढंच. अमेरिकेत वर्षाला कुष्ठरोगाचे साधारण दीडशे-दोनशे रुग्ण सापडतात, बहुतेक माणसांना या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकार असतो आणि औषधोपचाराने आजार पूर्ण बरा होतो. घाबरून त्याला मारायची गरज नाही.

गाडी चालवताना मात्र वेग कमी ठेवा. दचकला की हा प्राणी सरळ वर उडी मारतो, आणि गाडीखालून सुखरूप निघाला असता तो बंपरला आदळतो.

त्याला दर वेळी चार पिल्लं होतात?

नऊ पट्ट्यांच्या जातीला, हो. एकाच फलित अंड्याचे चार भाग होऊन चार एकसारखी पिल्लं. चारही नर, नाहीतर चारही माद्या. शिवाय मादी फलित अंडं काही महिने तसंच थोपवून ठेवते, म्हणजे पिल्लं वसंतात, खाणं मुबलक असताना जन्मतात. महाआर्माडिलोच्या एकुलत्या पिल्लाशी हे ताडून पाहा, म्हणजे एक जात उत्तरेला पसरत का चालली आहे आणि दुसरी का आटते आहे ते कळेल. सगळ्याच आर्माडिलोंना एकच संवर्धनाची मात्रा लागू पडत नाही.

चरांगो हे वाद्य त्याच्या कवचाचं असतं का?

पूर्वी असे. बोलिव्हिया आणि पेरूतल्या अँडीज भागात या छोट्या तंतुवाद्याची पाठ केसाळ आर्माडिलोच्या कवचाची करत. ओरुरोच्या कार्निव्हलमध्ये नर्तकांच्या हातातल्या खुळखुळ्यांसाठीही हेच कवच वापरत. आता बोलिव्हियात यावर बंदी आहे आणि चरांगो लाकडाचेच होतात, वाजतातही चांगले. पर्यटक म्हणून गेलात आणि कुणी ‘जुनं कवच आहे, चालतं’ म्हणालं तरी घेऊ नका. विमानतळावर जप्त होईल ते वेगळंच.

काही चांगली बातमी आहे का?

आहे, आणि ती आकड्यांत सांगता येते. रिओ दि जानेरो राज्यातलं सोनेरी सिंह-टॅमरिन हे माकड १९७० च्या दशकात दोनेकशेंवर आलं होतं. १९७४ मध्ये पोसो दास अंतास हे राखीव क्षेत्र झालं, जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतून माकडं परत आणून सोडली, शेतांमधून झाडीचे पट्टे लावले. २०१४ मध्ये संख्या ३,७०० झाली. मग पीतज्वराची साथ आली आणि ती २,५०० वर घसरली. तेव्हा रानातल्या माकडांना लस टोचण्याचा खटाटोप झाला. २०२३ च्या गणनेत ती ४,८०० च्या घरात गेली. बीआर-१०१ महामार्गावर त्यांच्यासाठी झाडं लावलेला पूलही २०२० मध्ये उभा राहिला.

अर्जेंटिनाच्या इबेरा पाणथळीत मोठा मुंगीखाऊ पूर्ण संपला होता. २००७ पासून तो पुन्हा सोडायला सुरुवात झाली आणि आता तिथे त्याची पिल्लं रानात जन्मतात. २०२१ च्या जानेवारीत तिथेच एक जग्वार मादी दोन बछड्यांसह मोकळी सोडली. त्या प्रांतात जग्वार जवळपास सत्तर वर्षांनी परतला.

भारतात बसून आपण काय करणार?

खरं सांगायचं तर फार नाही, आणि ‘हे दहा उपाय करा’ छापाच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. पण एक धागा थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. भारत सोयाबीन तेलाची आयात मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून करतो. पिशवीवर ‘रिफाइंड सोयाबीन तेल’ एवढंच लिहिलेलं असतं. ते कुठल्या जमिनीतून आलं, ती जमीन दहा वर्षांपूर्वी माळ होती की शेत, हे ग्राहकाला कळायची सोय नाही. ही माहिती आयातदारांकडे मागता येते, आणि ती मागणारे ग्राहक वाढले तरच ती छापली जाईल.

पैसे द्यायचे असतील तर जागेवर दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थेला द्या. वर ज्यांची नावं आली आहेत त्यातली बहुतेक माणसं वर्षानुवर्षं या प्राण्यांमागे आहेत.

तिकडे फिरायला गेलो तर काय दिसेल?

पॅन्टानलला जुलै ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत जा. पाणी आटून प्राणी उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात. जग्वार, कॅपिबारा, महापाणमांजर दिसण्याची चांगली शक्यता असते आणि मोठा मुंगीखाऊ कुरणात संध्याकाळी गाठ पडू शकतो. सहा पट्ट्यांचा आर्माडिलो दिवसाही हिंडतो, तो बहुधा दिसेल. महाआर्माडिलोची आशा ठेवू नका. रँचवरच्या माणसाला त्याचं बीळ दाखवायला सांगा. पाहताना वाळूच्या ढिगावर पाय देऊ नका, कारण कोण कोण येऊन गेलं त्याचे ठसे त्या वाळूतच असतात.